रिकाम्या पुडीचा भंडारा

चार वाजायच्या आत एक बटण दाबायचं, एवढंच सुप्रियाचं आजचं काम होतं. बटण दाबलं की तीन वर्षांच्या मेहनतीचा लेख छापायला जाणार. मग त्यातला आकडा जगाचा, तिचा नाही. पण सकाळचे नऊ वाजून गेले तरी तिचं बोट त्या बटणाकडं वळत नव्हतं. नारायणगावच्या अलीकडच्या एका शिवारात, कांदा काढून मोकळ्या झालेल्या रानात, ती बांधावरून कालव्यापर्यंत जायची आणि कालव्यावरून परत बांधाला यायची. फोनला रेंज होती ती फक्त कालव्याच्या भरावावर. वर गेली की फोन बघायचा, खाली आली की लॅपटॉप उघडायचा. दोन्हीकडं तोच आकडा टक लावून बसलेला.

मेंढरांचा तळ आज हलायचा होता. तीन दिवस दादाभाऊंच्या या रानात मेंढरं बसवली होती. रानाला खत झालं, मेंढरांना कांद्याची पात झाली. आता येडगावची वाट. येडगावला धरणाच्या कडेला सुप्रियाच्या वडिलांचं, सोनबाचं, दोन खोल्यांचं सिमेंटचं घर होतं. पण सोनबा त्या घरात पाहुण्यासारखा राहायचा आणि उघड्या रानात घरच्यासारखा. तिची आई सुंदराही तशीच. लेक मुंबईहून चार दिवसांच्या रजेवर आली, तर या दोघांनी तिला घरी नाही, तळावरच बोलावून घेतलं.

रानाचे मालक दादाभाऊ बांधावर मिसरी लावत बसले होते. त्यांनी सुप्रियाची ही येरझार बघितली आणि सोनबाला विचारलं, "काय पाव्हणं, लेक मोजणी करतीया का रानाची? सकाळपून चार येळा बांध मोजला तिनं."

"तिचं माप लई बारीक असतंय, दादाभाऊ. तुमच्या नजरंला यायचं न्हाई."

"खोडदच्या अँटेनात बसून आमचं नशीब बघती म्हणा की."

सुप्रिया खोडदच्या दुर्बिणीत काम करत नाही, हे तिनं दादाभाऊंना तीनदा सांगून झालं होतं. नारायणगावच्या पलीकडं त्या मोठाल्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या असतात, आणि या भागात कुणी ताऱ्यांचं काही शिकलं की लोक त्याला तिथंच नेऊन बसवतात. तिचे तारे दुर्बिणीतले नव्हते. तिचे तारे एका चिमूटभर पांढऱ्या पावडरीत होते, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत.

आईबापाला तिनं ते एकदा समजावलं होतं, त्यांच्याच भाषेत. म्हातारा झालेला तारा फुगून लाल होतो. त्याच्या पोटात न्यूट्रॉन नावाचे बारीक कण मोकळे सुटतात. न्यूट्रॉनला ना अधिक ना उणे, कसलीच खूण नसते. म्हणून त्याला कुणी अडवत नाही, तो कुठल्याही अणूच्या गाभ्यात शिरतो. बिनखुणेचं कोकरू जसं कुठल्याही कळपात मिसळून जावं. लोखंडाच्या गाभ्यात असा एक शिरतो. मग वर्षानुवर्षं काही नाही. मग आणखी एक. आत शिरलेला कधी कधी आपला स्वभाव बदलतो, आणि तो बदलला की अख्ख्या गाभ्याचं नाव बदलतं. असं चढत चढत लोखंडाचं बेरियम होतं, शिसं होतं. सगळं अगदी सावकाश, उतारावर चरत निघालेल्या मेंढरांच्या चालीनं.

सोनबानं तेव्हा विचारलं होतं, मग यात तुझं काय काम. ती म्हणाली होती, मधली हलकी मंडळी. मॅग्नेशियमसारखे हलके गाभे लोखंडाच्या वाट्याचे न्यूट्रॉन मधल्यामधे खाऊन टाकतात. किती खातात ते मोजायचं. सोनबाला हे लगेच पटलं. चाऱ्याच्या पेंढीला कोकरं आधी तोंड मारून जातात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

आणि सुप्रियानं मोजलं होतं. मॅग्नेशियमच्या एका प्रकारावर न्यूट्रॉनचा मारा केला की त्यातले काही गाभे न्यूट्रॉन गिळतात, अस्वस्थ होतात, आणि साडेनऊ मिनिटांत त्यातले निम्मे गॅमा किरण सोडून शांत होतात. किरण मोजले की गिळणारे मोजले. पुस्तकात होतं त्याच्यापेक्षा तिचा आकडा पावपटीनं जास्त आला. चारही नमुन्यांत जास्त. म्हणजे हलकी मंडळी वाटली होती त्याहून खादाड, म्हणजे ताऱ्यात बेरियम बनायचं गणितच नव्यानं मांडायला हवं. तिच्या मार्गदर्शक आरती मॅडमनी तो आकडा बघून पहिल्यांदाच तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

खुपत होतं ते एवढंसंच. शांत होताना हा गाभा दोन ऊर्जांचे किरण सोडतो, एक ठळक आणि एक फिका. ऊर्जेच्या मोजपट्टीवर आठशे चव्वेचाळीसवरची रेघ ठळक, हजार चौदावरची फिकी. ठळक रेघ म्हणत होती, पावपट जास्त. फिकी रेघ म्हणत होती, पुस्तकात आहे तेवढंच. लेख तपासणाऱ्यानं विचारलं होतं, हे असं का. मॅडमनी उत्तर दिलं होतं की फिक्या रेघेत मोजणीच थोडी, चूक मोठी, तिच्यावर विसंबता येत नाही. तपासणाऱ्याला पटलं. सगळ्यांना पटलं. सुप्रियाला दिवसा पटायचं.

तिनं परत भरावावर जाऊन फोन बघितला. मॅडमचा निरोप होता, चार वाजता दार बंद होतं, विसरू नको.

खाली आली तर सोनबा मेंढरं मोजत होता. तळ हलवायच्या आधी तो जाळीला एक फट ठेवायचा आणि फटीतून एकेक मेंढरू पायाला हात लावून सोडायचा. आज एकशे एकेचाळीस भरली. असायला हवी होती एकशे चाळीस. सुप्रिया थट्टेनं म्हणाली की एक वाढलं, चांगलंच झालं की. सोनबा हसला नाही.

"वाढलं कसलं? आपल्यात एक जास्ती म्हंजी कुणाच्यात तरी एक कमी. जास्ती आलं की आधी खूण बघायची, मग हसायचं."

त्यानं कळपात शिरून नवखं मेंढरू मागच्या पायाला धरून काढलं, लोकर बाजूला सारली, कान उलटा केला. कानाच्या टोकाला दोन बारीक काप होते. पल्याडच्या तळावरच्या गेणूची खूण, तो म्हणाला. परवा ओढ्याजवळ दोन कळप आडवे गेले तेव्हा आलं असणार. रंग तोच, उंची तीच, वरून बघितलं तर कुणी म्हणणार नाही परकं आहे. त्यानं ते दादाभाऊंच्या गोठ्यात बांधलं आणि गेणूला निरोप धाडला.

सुप्रिया त्या दोन कापांकडं बघत राहिली. 

सुंदरा तोवर बिऱ्हाड बांधत होती. घोडं उभं होतं, पाठीवर दोन्हीकडं झोळ्या. एकीत भांडी, एकीत परवा जन्मलेली तीन कोकरं, माना बाहेर काढून. पीठ, मीठ, घोंगड्या. प्रत्येक झोळीचं तोंड बांधलं की ती कमरेची पिशवी सोडायची, चिमूटभर भंडारा घ्यायची आणि पिवळं बोट झोळीवर ओढायची. तोंडात गुणगुण चालूच.

*भरली गं झोळी, तिला हळदीची खूण,*
*चुकलं कोकरू, देव आणील वळून.*

नवं काही हाती घ्यायचं, कुठं निघायचं, काही जपायचं, तर आधी भंडारा. कोयत्याला, घोड्याला, मोबाईलच्या नव्या डब्याला सुद्धा. सुप्रिया दहावीला बसली तेव्हा कंपासपेटीला, मुंबईला निघाली तेव्हा बॅगेला. भंडाऱ्याची एक पुरचुंडी आई तिच्या सामानात दर वेळी ठेवायची.

हात मोकळे म्हणून सुप्रिया झोळ्या पुढं करत होती. शेवटची तिनं पुढं केली, पण सुंदरानं ती तशीच घडी करून घोंगडीखाली सारली.

"हिला राह्यलं की, आये."

"ती रिकामी हाये. नारायणगावात ज्वारी भरायची तिच्यात."

"मग?"

"मग काय? रिकाम्याला कोण लावतं भंडारा? त्यात राखायचं काय?"

सुप्रिया जागची हलली नाही. सकाळपासून पहिल्यांदा.

मग ती बाभळीखाली गेली आणि लॅपटॉप उघडून मांडीवर घेतला. तिला ती सकाळ जशीच्या तशी दिसत होती. न्यूट्रॉन सोडणाऱ्या यंत्रावर त्यांना दोनच दिवस मिळाले होते, आणि त्याची वाट त्यांनी सात महिने बघितली होती. पहाटे साडेपाचला ती एकटीच नमुने बांधत होती. चार चिमुकल्या पुड्या, प्रत्येकीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पावडर. दोन्ही बाजूंनी सोन्याची पातळ चकती लावायची, कारण किती न्यूट्रॉन आले ते सोनं सांगतं. आणि एक पाचवी पुडी, रिकामी. तिच्यावरही सोनं, तिच्यावरही तोच मारा. नमुन्यातून जे येईल त्यातून रिकाम्या पुडीचं वजा करायचं, म्हणजे कागदाचं, हवेचं, भिंतीचं जे काही मिसळलं असेल ते निघून जाईल.

एक चूक झाली तर पुन्हा सात महिने. तिनं दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं. तिनं खिशातली पुरचुंडी काढली आणि चारी पुड्यांवर एकेक पिवळं बोट ओढलं, आई ओढते तसं, चांगलं भरभरून. मग त्यावर सोन्याच्या चकत्या बसवल्या. पिवळ्यावर पिवळं, दिसलंसुद्धा नाही. हातमोजे बदलले. पाचव्या पुडीला लावला नाही. लावायचं मनातही आलं नाही. रिकाम्याला कोण लावतं?

आता खूण बघायची होती. हळदीत काय काय असतं ते शोधायला ती भरावावर धावली, आणि यादीत मँगनीज दिसल्यावर तिला पुढचं वाचायची गरज उरली नाही. मँगनीज न्यूट्रॉनला हावरं. मॅग्नेशियमनं एक गिळावा तर तेवढ्याच मँगनीजनं शेकडो. आणि शांत होताना त्याची ठळक रेघ पडते आठशे सत्तेचाळीसवर. त्यांच्या किरण मोजायच्या जुन्या यंत्राला चव्वेचाळीस आणि सत्तेचाळीस वेगळे दिसत नाहीत. रंग तोच, उंची तीच. शिवाय मँगनीजला निम्मं व्हायला अडीच तास लागतात. त्यांनी प्रत्येक नमुना अर्धाच तास मोजला होता. आणखी दोन तास थांबले असते तर मॅग्नेशियम विझून गेलं असतं आणि हे परकं एकटंच बडबडत राहिलं असतं. पण थांबायला वेळ कुठं होता.

कान उलटा करायचा राहिला होता. मँगनीज आणखी एक रेघ सोडतं, अठराशे अकरावर, आणि तिथं मॅग्नेशियमचं काहीच नसतं. तिकडं कुणी कधी बघितलं नव्हतं, बघायचं कारणच नव्हतं. तिनं पहिला नमुना उघडला, पडदा सरकवत अठराशे अकरापर्यंत नेला. बारीकसा उंचवटा. दुसरा उघडला. उंचवटा. तिसरा, चौथा. रिकाम्या पुडीत सपाट रान.

दोन बारीक काप, कानाच्या टोकाला.

बारा वाजले होते. मेंढरं निघाली, पुढं सोनबा, मधे घोडं, मागं सुंदरा. सुप्रिया भरावावरून चालत राहिली, कारण रेंज सोडून खाली उतरता येईना आणि वर थांबताही येईना. फोन तीन वेळा लावला आणि वाजायच्या आत तीन वेळा कापला. मॅडमना सांगायचं म्हणजे आकडा गेला हे सांगायचं. ते ती सांगू शकत होती, आकडे जातात. पण कसा गेला हे सांगायचं म्हणजे ती पहाट सांगायची. सहा वर्षं प्रयोगशाळेत तिनं आपली बोली घासून गुळगुळीत केली होती, घोंगडीचा वास लागू नये म्हणून कपडे दोनदा धुतले होते. आणि आता स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, मी नमुन्याला भंडारा लावला.

चौथ्यांदा फोन कापला नाही.

आरती मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, अठराशे अकरा चारही नमुन्यांत आहे का.  त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाल्या की लेख मागं घ्यावा लागेल, त्या आत्ता संपादकांना कळवतील, आणि सुप्रियानं चारच्या आत कारणाचं पत्र लिहून पाठवावं. मग आवाज खाली आणून त्या बोलल्या.

"पत्रात 'अज्ञात मलिनता आढळली' एवढं लिहिलंस तरी चालेल. ते खोटंही नाही. बाकीचं लिहिलंस तर हे पत्र लोक एकमेकांना पाठवतील, सुप्रिया. हसतील. तुझी पुढची नोकरी ठरायची आहे अजून."

तिनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारचं मेंढरं एका ओढ्याच्या सावलीला टेकली. सुंदरानं भाकरी सोडली. लेकीनं तुकडा मोडला नाही हे बघून तिनं विचारलं, काय झालंय. सुप्रियानं सांगितलं, जेवढं सोपं करता येईल तेवढं करून, पण काही न गाळता. सोनबा चघळायचा थांबला. सुंदराचा हात नकळत कमरेच्या पिशवीवर गेला आणि तिथंच राहिला.

"म्हंजी माझ्या हळदीनं तुझं वाटुळं केलं?"

"हळदीनं न्हाई, आये. मी चोरून लावली त्यानं. सगळ्यांदेखत लावली असती तर कुणीतरी म्हणालं असतं की हिचंबी मोजून घेऊ."

 सुंदराच्या डोळ्यांत पाणी आलं की काय ते कळलं नाही, कारण ती कोकरांकडं वळली. सोनबा मात्र बोलला, भाकरीकडंच बघत. गेणूचं मेंढरू परत करताना आपण काय निरोप धाडला, त्यानं विचारलं, कुणाचं ठावं न्हाई, असा? "न्हाई. गेणूचं हाये, आमच्यात शिरलं व्हतं, असाच धाडला. खूण दिसली की नाव घ्यावं लागतं, बाय."

मग त्यानं पाणी पिऊन तोंड पुसलं आणि कुत्र्याला हाक मारली.

सुप्रियानं पत्र चालता चालता लिहिलं, अंगठ्यानं, फोनवर. नारायणगाव जवळ येत होतं. रस्त्यावर टोमॅटोचे टेम्पो हॉर्न देत कळपातून वाट काढत होते, आणि ती एका हातानं मेंढरं कडेला घेत दुसऱ्या हातानं ओळी खोडत होती. 'अज्ञात' असं एकदा लिहिलं. मग तिच्या मनात आलं, हे वाचून आणखी कुणीतरी, दूरच्या देशात, वर्षभर आपल्याच मॅग्नेशियममध्ये अज्ञात शोधत बसेल. तिनं शब्द खोडला. लिहिलं की नमुने बांधणाऱ्या व्यक्तीनं, म्हणजे मी, घरच्या रीतीप्रमाणं चारही पुड्यांना हळदीचा भंडारा लावला. रिकाम्या पुडीला लावला नाही, कारण रिकाम्या वस्तूला तो लावत नाहीत. त्यामुळं तो वजाबाकीत निघाला नाही. अठराशे अकराची रेघ सोबत जोडली. ठळक रेघेतून भंडाऱ्याचा वाटा काढला तर आकडा पुस्तकातल्या आकड्याजवळ येतो असं दिसतं. नक्की सांगायला पुन्हा मोजावं लागेल.

तीन चाळीसला तिनं ते धाडलं. बटण तेवढंच होतं, बोटाला तेवढंच लागलं.

उत्तर चारनंतर आलं, जेव्हा कळप बाजार ओलांडून येडगावच्या रस्त्याला लागला होता. मॅडमनी कौतुक केलं नव्हतं, क्षमाही केली नव्हती. एवढंच लिहिलं होतं की पत्र जसंच्या तसं पुढं पाठवलं आहे. पुढच्या खेपेला यंत्र मिळेल तेव्हा सहावी पुडी बांधायची, रिकामी, आणि तिला तोच भंडारा तेवढाच लावायचा. त्याच पुरचुंडीतला उरला आहे का? वजन करून आण. आणि खाली, जरा अंतर सोडून, हळद कुठली असते तुमची?

पुरचुंडीतला कधीच संपला होता. पण आईच्या पिशवीतला त्याच हळदीचा होता. सुप्रिया पळत मागं गेली आणि हात पुढं केला.  सुंदरानं पिशवी सोडली, मूठभर भंडारा कागदात घातला, घट्ट पुडी बांधली आणि सवयीनं तिचं पिवळं बोट पुडीवर ओढायला निघालं. अर्ध्या वाटेत ते थांबलं.

"हिला लावू का नगं?"

सुप्रियाला हसू आलं, सकाळपासूनचं पहिलं, आणि ते धड हसूही नव्हतं. "लाव. पर किती लावला ते सांग मला."

पुढं सोनबानं शीळ घातली. धरणाच्या पाण्यावरून वारा सुटला होता, आणि मेंढरांच्या पाठीवरची धूळ उन्हात पिवळी होऊन उडत होती. ही माती, हे खुरांखालचं लोखंड, हळदीतलं ते हावरं मँगनीज, सगळं कुठल्या कुठल्या ताऱ्यांच्या पोटातून चालत आलेलं. सुप्रियानं पुडी खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून चालू लागली. पाय अजून ठरत नव्हते. पण आता ते एका बाजूला निघाले होते, आणि तिच्या ओठांवर, न ठरवता, आईची ओवी जराशी बदलून येत होती.

*रिकामी गं झोळी, तिला कोण लावी बोट,*
*तिच्या सपाट रानात सापडली वाट.*